इंदुबाई, सगळं स्मॉलमध्ये

"बाबा, आपल्या घराचा पासवर्ड काय आहे?"

रसिकाने हे विचारलं ते बाबांचा पहिला घास तोंडात असताना. पैजेची अटच तशी होती. त्या दिवशी शाळेत सायबर सुरक्षेवर बोलायला एक सर आले होते. हल्ली चोर कुलूप फोडत नाहीत, ते विचारतात आणि माणसं सांगून मोकळी होतात, असं ते म्हणाले आणि मधल्या सुट्टीत दिव्याने त्याचा खेळच करून टाकला. प्रत्येकीने घरी जाऊन, जेवणाच्या पहिल्या घासालाच, सरळ पासवर्ड विचारायचा, कारण सांगायचं नाही. जिच्या घरचे 'कशाला हवाय?' असं न विचारता सांगून टाकतील ती हरली, पाणीपुरी तिच्याकडून. अनुष्काच्या आईने तिचा फोनच काढून घेतला होता. दिव्याच्या पप्पांचं भाषण अजून चालू होतं, असं ती ग्रुपवर लिहीत होती. राहिली होती रसिका.

आणि रसिका काही मागे हटणारी नव्हती. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही तिचा आवाज बाकाखाली पडायचा. पण नववीत तिने वक्तृत्वाची ढाल आणली आणि तिला एकदम कंठच फुटला. रिक्षावाला असो, वाणी असो, गणिताच्या बाई असोत, ती आता कोणाशीही बिनधास्त बोलायची.

बाबांनी घास गिळला. टीव्हीवरची नजर हलवली नाही.

"इंदुबाई," ते म्हणाले. "सगळं स्मॉलमध्ये, जोडून. बँकेला पुढे एक-दोन-तीन लावलंय."

झालं. हरली. रसिकाने कपाळावर हात मारला. "बाबा, असं सांगतात का कोणाला?"

"तू काय परकी आहेस का?"

"आणि वायफायचा?"

"तोच."

"लाइट बिलाचा?"

"तोच गं. गेटच्या ॲपचा तोच, गॅसचा तोच, माझ्या मेलचा तोच. दहा-दहा पासवर्ड लक्षात ठेवायला डोकं शिल्लक राहतं का संध्याकाळी?"

"पण इंदुबाई कोण?"

"तुझ्या आईकडची कोणीतरी."

आईच्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. "माझ्याकडची? माझ्याकडे कोणी इंदुबाई नाही. मला वाटलं तुमची चुलत आजी वगैरे."

"आमच्याकडे कुठे?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. रसिकाला वाटलं, आता हे हसतील, मग डोकं लावतील, मग मावशीला फोन जाईल. पण आई म्हणाली, "भात वाढू?" बाबा म्हणाले, "थोडा." आणि विषय संपला.

या घरात सगळं असंच संपायचं. नीरज आणि नीलम, म्हणजे बाबा आणि आई, परळच्या एका खोलीतून मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमध्ये आले ते रसिका बालवाडीत असताना. मोठं घर मिळालं आणि मग त्या घरात दोघंही फक्त झोपायला यायला लागले. बाबा अंधेरीत एका कुरिअर कंपनीत, आई एका दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवर. दोघांच्या डोळ्यांखाली सारखीच काळी वर्तुळं. बाथरूमचा नळ गळतोय? चालतंय ना. पावसाळा सरला की भिंतींना पांढरं मीठ फुटतं, कारण पूर्वी इथे मिठागर होतं म्हणे? चालतंय ना, देऊ रंग कधीतरी. खाली गेटवर कोणी आलं की ॲपवर फोन वाजायचा, पाठवू का म्हणून विचारायचा, आणि कोण आलंय हे न बघताच दोघं हिरवं बटण दाबायचे.

घरी आलेल्या कोणी वायफाय मागितलं की बाबा त्याचा फोन हातात घ्यायचे आणि ओठ हलवत स्वतःच काहीतरी टाकून परत द्यायचे. रसिकाने हे लहानपणापासून पाहिलं होतं. ते ओठ काय म्हणत असतात, हे आज कळलं.

*

पाणीपुरी रसिकालाच द्यावी लागली. दिव्या आणि अनुष्का खाता खाता हसत होत्या.

"तुमच्याकडे भूत आहे," अनुष्का म्हणाली.

"भूत नाही, आळस आहे," रसिका म्हणाली. "दहा वर्षं एका बाईचं नाव टाइप करतायत आणि ती कोण ते माहीत नाही. मी काढते शोधून."

घरातलं सगळ्यात जुनं कनेक्शन इंटरनेटचं, आणि ते नवघरच्या काळूरामशेठने दिलेलं. त्यांची पूर्वी भातशेती होती, मिठागरं होती. आता केबल होती, इंटरनेट होतं आणि रस्त्याला लागून स्वतःची बिल्डिंग होती, तिच्या खालीच ऑफिस. रसिका दिव्याला घेऊन शनिवारी सकाळी तिथे गेली. मेट्रोच्या खांबांवरून ऊन खाली सरकत होतं. काळूरामशेठ पंख्याखाली बनियनवर बसले होते.

"शेठ, आमच्या वायफायचा पासवर्ड तुम्ही ठेवला होता का?"

"आमी न्हाय ठेवत, पोरी. गिऱ्हाईक सांगल तो टाकतो."

"मग आमच्या घरी कोणी सांगितला? बेव्हर्ली पार्क. पाचवा मजला."

काळूरामशेठनी मान मागे टाकली. "तुमच्यात मी सोता आलो होतो. तवा हाताखाली पोरं न्हवती. तुजा बाप फोनवर, आई सामान सोडतेय. दारात ती हुबी होती. तिला इचारलं, पासवर्ड काय टाकू? ती बोलली, माजाच नाव टाक, इंदुबाई. म्हंजे रोज कोनतरी घेल."

"ती म्हणजे कोण?"

"तुमच्या घरातलीच ना. आत-बाहेर करत होती."

परत येताना रिक्षात दिव्या मेट्रोचे खांब मोजत होती. मग म्हणाली, "सामान उतरवायला आलेली बाई असेल कोणीतरी. गंमत केली असेल."

"तेच म्हणते मी," रसिका म्हणाली. "आणि आमचे लोक इतके दमलेले, की त्यांनी कधी बदललाच नाही."

पटण्यासारखं होतं ते. फक्त 'रोज कोनतरी घेल' एवढं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तिने मनात हिशेब केला. बाबांचे ओठ, आईचे ओठ. पाहुणे, इलेक्ट्रिशियन, शेजारची भूमिकाबेन. देवाचंही नाव या घरात इतक्या वेळा घेतलं जात नव्हतं.

"मी बदलते," ती म्हणाली. "आपल्या घराला परकीचं नाव कशाला?"

*

रविवारी दुपारी आईबाबा झोपले होते. रसिकाने दोघांचे फोन त्यांच्या उशाशी ठेवले, बाबांचा जुना लॅपटॉप मांडीवर घेतला आणि एकेक दार बदलत गेली. वायफाय, लाइट बिल, गॅस, मेल. नवा पासवर्ड तिने सकाळीच ठरवला होता. स्वतःचं नाव. मोठ्या आरने सुरुवात, शेवटी एक चिन्ह.

दिव्याने फोनवर झापलं. "नाव ठेवायचं नसतं. सरांनी सांगितलं ना."

"सरांनी सांगितलं परक्यांना कळेल असं ठेवायचं नाही. इथे तर घरातलीच माणसं विसरणार. माझं नाव तरी लक्षात राहील ना त्यांच्या?"

गेटचं ॲप शेवटी ठेवलं होतं. नवा पासवर्ड घेतल्यावर त्याने विचारलं, बाकी सगळ्या ठिकाणांहून बाहेर काढायचं का? रसिकाने 'हो' दाबलं.

आईचा फोन टिंग झाला. बाबांचा फोन टिंग झाला. तिचा स्वतःचाही झाला. आणि एक टिंग स्वयंपाकघरातून आला.

ती उठून बघायला गेली. ओटा पुसलेला. कुकर पालथा घातलेला. मिठाची बरणी, चहाचे डबे. स्वयंपाकघरात फोन नव्हताच. मिक्सरच्या मागच्या भिंतीला मीठ फुटलं होतं, त्याचा थोडा चुरा ओट्यावर पडला होता. तिने तो पुसला.

चहाच्या वेळी तिने दोघांना नवा पासवर्ड सांगून टाकला; 'चालतंय ना' म्हणाले. संध्याकाळी आई हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. रसिका समोर इतिहासाच्या वहीत डोकं घालून. दिवे लावायची वेळ झाली होती, पण उठायचा कंटाळा दोघींनाही. तेवढ्यात दाराजवळच्या बोळातून, चपला पायात सरकवून उभ्या राहिलेल्या बाईचा येतो तसा, दमलेला आवाज आला.

"येऊ का मग?"

"हो, या," आई म्हणाली. घडीवरून नजरही उचलली नाही.

रसिकाने वर बघितलं. "कोण गेलं?"

"भूमिकाबेन असेल. वाटी द्यायला आली असेल."

"भूमिकाबेन जाताना गुजरातीत 'आवजो' म्हणते, आई. 'येऊ का' कधी म्हणेल ती?"

आईचा हात थांबला. रसिका बोळात गेली. दाराला आतून कडी होती, साखळी होती. चपलांच्या स्टँडवर तिघांच्याच चपला होत्या.

"टीव्ही असेल कोणाचा तरी," आई म्हणाली आणि पुढची घडी घातली.

*

रसिका रोज शाळेत निघताना गेटवरच्या चंदनभाऊंना सांगायची, "येते हं." चंदनभाऊ बिहारचे. एवढ्या वर्षांत त्यांना मराठी समजायला लागली होती, पण हे काही पचत नव्हतं. ते रोज तेच विचारायचे, "जा रही हो कि आ रही हो? पहले तय कर लो." आणि दोघं रोज हसायचे. आपण मराठी लोक जाताना 'येते' म्हणतो, 'जाते' म्हणू नये, हे तिने त्यांना दहादा समजावलं होतं.

सोमवारी ती शाळेतून आली तेव्हा चंदनभाऊंनी आडवा हात केला.

"किसके यहाँ जाना है?"

रसिका हसली. "जा रही नहीं, आ रही हूँ."

ते हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "नाम बताइए."

"भाऊ, काय हे?"

"नाम बताइए, मॅडम. ॲप में डालना पडता है."

तिने नाव सांगितलं. त्यांनी ते टॅबमध्ये टाकलं. त्या आठवड्यात आईची सकाळची पाळी होती, दुपारी ती घरीच असायची. वर कुठेतरी तिचा फोन वाजला असणार आणि तिने न बघता हिरवं बटण दाबलं असणार, कारण टॅबवर लगेच बरोबरची खूण उमटली. जाताना रसिकाने वाकून पाहिलं. तिचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'पाहुणी'.

ग्रुपवर हे सांगितल्यावर अनुष्काने हसण्याची रांग लावली. दिव्याने लिहिलं, "बावळट, सगळ्यांना बाहेर काढलंस त्यात स्वतःलाही काढलंस. परत ॲड कर."

खरंच की. रसिकाने आईचा फोन घेतला, घरातल्या सदस्यांचं पान उघडलं आणि स्वतःचं नाव घातलं. ॲपने लाल अक्षरात उत्तर दिलं: या घरात या नावाची सदस्य आधीच आहे.

बाबा घरी आल्यावर तिने त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर घेऊन बघितलं.

"मग आहेस की तू आधीच."

"मी नाहीये ना बाबा. मला खाली अडवलं."

"उद्या बघू." त्यांनी डोळे चोळले. "वर तर आलीस ना? चालतंय ना?"

*

मंगळवारी चंदनभाऊंनी पुन्हा नाव विचारलं. बुधवारी तिने वाद घातला नाही, सांगून टाकलं. वर आल्यावर आईने दार उघडलं, 'आलीस?' म्हणाली नाही. बाजूला सरकून म्हणाली, "ये ना, बस." मग ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास आणला. तो चांगला काचेचा सेट, जो फक्त कोणी आल्यावर निघतो.

"आई, काय गं?"

"काय?" आई म्हणाली. आणि तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, चेष्टा नव्हती, राग नव्हता. नुसता थकवा होता, आणि त्यावर ओढून आणलेलं हसू. काउंटरवर पेशंटच्या नातेवाइकांना बघून ती जसं हसायची, तसं.

रात्रीच्या जेवणाला बाबा म्हणाले, "आता जेवूनच जा."

"कुठे जाऊ?"

बाबा गोंधळले. "अगं, सवयीने बोललो. कोणी आलं की म्हणतो ना आपण." त्यांनी तिच्या ताटात पोळी वाढली. "घे. लाजू नकोस. आपलंच घर समज."

रसिकाने पोळीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. वक्तृत्वाची ढाल टीव्हीच्या शेजारी होती. नाव तिचंच होतं त्यावर. तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं.

शुक्रवारी संध्याकाळी ती हॉलमध्ये अभ्यासाला बसली होती. अभ्यास होत नव्हता. हल्ली शाळेतून आलं की डोळे मिटायचे, हातपाय जड व्हायचे. आत आई भाजी करत होती.

"रसिका, मीठ दे गं जरा," आईचा आवाज आला. नेहमीचा. लाडातला.

रसिका इतकी सुखावली की वही तशीच टाकून उठली. आणि उठता उठताच तिने ऐकलं. बरणीचं झाकण फिरल्याचा आवाज. मग आईचं हसणं.

"बास, बास. केवढा हात जड आहे तुझा."

ती स्वयंपाकघराच्या दारात पोहोचली. आई एकटीच होती. भाजीत मीठ पडलेलं होतं. बरणी उघडी होती, झाकण ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, आईचा हात पोहोचणार नाही इतक्या लांब. रविवारी बोळातून 'येऊ का' म्हणणारी गेली नव्हती, आत आली होती.

आईने वळून बघितलं आणि काउंटरवरचं हसू चेहऱ्यावर आणलं.

"अगं, तू बस ना बाहेर. पाणी हवंय का?" मग आवाज खाली आणून, अगदी काळजीने, "घरी कळवलंयस ना? आई वाट बघत असेल."

*

रसिकाने लॅपटॉप उघडला. घाईत दोनदा चुकलं. गेटचं ॲप, मग पासवर्ड बदला. तिने टाइप केलं: इंदुबाई, सगळं स्मॉलमध्ये, जोडून. टाइप करताना तिचे ओठ हलत होते.

हा पासवर्ड पूर्वी वापरलेला आहे. पुन्हा ठेवता येणार नाही.

तिने दुसरा काहीतरी टाकला. मनाला येईल तो. यासाठी घरातल्या सदस्याची परवानगी लागेल, असं उत्तर आलं, आणि परवानगी मागितली आहे, असंही. कोणाकडे ते लिहिलं नव्हतं. स्वयंपाकघरातून एक टिंग आला. थोड्या वेळाने पडद्यावर लाल फुली आली.

ती गॅलरीत गेली आणि नवघरला फोन लावला.

"शेठ, ती दारातली बाई. इंदुबाई. ती दिसायला कशी होती? किती म्हातारी होती?"

"म्हातारी? म्हातारी कोन बोलला?"

"तुम्हीच म्हणालात ना. बाई."

"आमच्यात पाळन्यातल्या पोरीलाबी बाई बोलतात." काळूरामशेठ हसले. मग आठवून म्हणाले, "शालेतली पोर होती ती. तेरा-चवदाची असल. दमलेली दिसत होती बिचारी. हुब्या हुब्या झोपल, तशी. मना वाटलं तुमचीच मुलगी."

खाली रस्त्यावर मेट्रोच्या पुलाचे दिवे लागले.

"तू कोन बोलतेस?" काळूरामशेठनी विचारलं.

रसिकाने तोंड उघडलं. नाव ओठांवर यायला वेळ लागला.

*

ती आत आली तेव्हा आईबाबा दोघंही हॉलमध्ये उभे होते.

पाहुणे उठायच्या बेतात असले की घरातले उभे राहतात, तसे.

तिचे शाळेचे बूट स्टँडवरून काढून दारासमोर ठेवले होते. पुढची टोकं बाहेरच्या दिशेला. दप्तर शेजारी.

"रिक्षा मिळेल ना?" बाबांनी विचारलं. "खाली सोडायला येऊ का?"

आईने देवघरातून करंडा आणला. घरी आलेल्या बायका-मुली निघाल्या की ती आठवणीने कुंकू लावायची. ती जवळ आली. तिच्या हाताला भाजीचा, साबणाचा, तिचा स्वतःचा वास होता. तिने रसिकाच्या कपाळावर बोट टेकवलं.

"छान वाटलं तू आलीस," आई म्हणाली. "ये हं परत."

स्वयंपाकघरात कोणीतरी ताटं मांडत होतं. एक. मग दुसरं. मग तिसरं.

रसिकाने आईकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. किती दमलेली माणसं. ती ओरडली असती, रडली असती, तर त्यांनी समजूतही घातली असती, परक्या पोरीची घालतात तशी, आणि मग तिच्या घरच्यांचा नंबर विचारला असता. ढालीवरून तिची नजर फिरली. त्या दिवशी स्टेजवरून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचलेला आवाज तिने स्वतःत शोधला. तो खूप लांब होता.

दोघं वाट बघत होते. आता तिने काय म्हणायचं असतं, ते तिघांनाही ठाऊक होतं. येऊ का. मग हे म्हणणार, ये. इतकं सोपं. शब्द तिच्या जिभेवर आले होते.

तिने ते गिळले.

बुटांत पाय न घालता ती बाजूला सरकली. दार आणि हॉल यांच्या मधल्या बोळात, जिथे दिवा कधीच लावत नाहीत, तिथे भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. भिंत थंड होती. खांद्याला मीठ लागलं. उभ्या उभ्याच झोप यावी इतकं बरं वाटलं.

आईबाबांची नजर तिच्यावरून दाराकडे गेली, दारावरून परत आली. आईने करंडा मिटला. बाबांनी दाराला कडी घातली, साखळी लावली.

"गेली वाटतं," बाबा म्हणाले.

"गुणी आहे मुलगी," आई म्हणाली. "कोणाची गं ही, रसिका?"

स्वयंपाकघरातून काहीतरी उत्तर आलं. दोघं हसले आणि जेवायला वळले. बाबांचा फोन वाजला. लाइट बिल भरायचं राहिलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि त्यांचे ओठ हलायला लागले, मोठ्या आरपासून.

"आई, बाबा," बोळातून ती म्हणाली. आवाज दमलेला होता, पण शांत होता. "मी जात नाही. मी ठरवलंय, मी इथेच राहणार. तुम्हाला काही त्रास नाही व्हायचा. फक्त पासवर्ड बदलू नका. माझंच नाव राहू दे, म्हणजे रोज कोणीतरी घेईल."